अनुक्त प्रसंगांचा चित्रपट : ‘टेंडर मर्सीज’

१

कीर्ती ओसरलेल्या कलावंताची कथा रंगभूमीला पूर्वीपासून प्रिय आहे, आणि चित्रपटानेही ती आपलीशी केली आहे. तिचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रथम यश, मग व्यसन, मग अधःपात. पुढे एखाद्या सहृदय स्त्रीचा आधार, एक निर्धाराचा क्षण, आणि शेवटी भरलेल्या सभागृहात पुन्हा एकवार टाळ्यांचा कडकडाट. प्रेक्षकाला हा साचा परिचित असतो. त्यातील कोणत्या टप्प्यावर आपल्याकडून कोणती भावना अपेक्षिलेली आहे, हेही त्यास आधीच ठाऊक असते.

१९८३ साली प्रदर्शित झालेला ‘टेंडर मर्सीज’ हा अमेरिकन चित्रपट वरवर पाहता याच साच्यातील आहे. पटकथा हॉर्टन फूट यांची, दिग्दर्शन ब्रूस बेरेसफोर्ड यांचे आणि प्रमुख भूमिका रॉबर्ट डुव्हाल यांची. त्याच वर्षी कान महोत्सवातील स्पर्धेत तो दाखविला गेला. १९८४ च्या ऑस्कर समारंभात फूट यांना मूळ पटकथेचे आणि डुव्हाल यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. तथापि हा चित्रपट लक्षपूर्वक पाहणाऱ्याच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. साच्याने ज्या प्रसंगांचे जणू वचन दिलेले असते, त्यांतील बहुतेक प्रसंग येथे पडद्यावर येतच नाहीत. नायकाचे वैभवाचे दिवस दिसत नाहीत. त्याचे लग्न दिसत नाही. दारू सोडण्याचा झगडा जवळजवळ दिसत नाही, आणि कथेतील सर्वांत दारुण घटना केवळ वार्तेच्या रूपाने कळते.

याला केवळ संयम म्हणून गौरविणे सोपे आहे. परंतु संयम हा शैलीचा गुण झाला. या चित्रपटातील अनुक्ताचा संबंध शैलीहून अधिक खोल अशा एका गोष्टीशी, म्हणजे त्याच्या आशयाशी आहे. माणसाचा उद्धार कशाने होतो, या प्रश्नाला हा चित्रपट जे उत्तर देतो, किंवा देण्याचे नाकारतो, त्यातूनच त्याची ही रचना निर्माण झाली आहे. ते कसे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

कथानक थोडक्यात असे. टेक्सासच्या सपाट प्रदेशात महामार्गाच्या कडेला एक लहानसे मोटेल आणि त्याला लागून पेट्रोल पंप आहे. रोझा ली ही तरुण विधवा ते चालविते. तिचा पती व्हिएतनामच्या युद्धात मरण पावला असून सनी हा तिचा लहान मुलगा आहे. चित्रपट सुरू होतो तो रात्री. मोटेलच्या एका खोलीच्या खिडकीतून दोन पुरुषांच्या आकृती बाटलीसाठी झोंबताना दिसतात. त्यांतील एक कोसळतो. सकाळी तो जमिनीवर जागा होतो तेव्हा सोबती निघून गेलेला आहे, आणि खोलीचे भाडे द्यायला याच्याजवळ पैसे नाहीत. हा मॅक स्लेज. एके काळचा नामांकित कंट्री गायक व गीतकार. भाड्याच्या बदल्यात तो काम करण्याची तयारी दाखवितो. रोझा ली मान्य करते. मात्र कामावर असताना दारू प्यायची नाही, एवढी एकच अट घालते.

तो राहतो. डागडुजी करतो, पेट्रोल भरतो, बागेत राबतो. काही दिवसांनी, भाजीच्या मळ्यात काम करता करता, तो तिला लग्नाविषयी विचारतो, आणि ती होकार देते. हा प्रसंग संपूर्ण चित्रपटाच्या रीतीचा नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे. त्यात दीर्घ संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, आवाजात कंप नाही. एखाद्याने उद्याच्या कामाविषयी विचारावे, तितक्या सहजपणे तो विचारतो आणि ती उत्तर देते. पुढे आपण त्यांना पाहतो तेव्हा ती पती-पत्नी आहेत. विवाहविधी मधल्या मधे होऊन गेलेला असतो.

मॅकची पहिली पत्नी डिक्सी स्कॉट ही आजही लोकप्रिय गायिका आहे, आणि मॅकचीच गीते ती रंगमंचावरून गाते. त्यांची मुलगी स्यू ॲन आता अठरा वर्षांची झाली आहे. तिला भेटण्याची मॅकला इच्छा आहे, पण डिक्सी त्याला जवळ फिरकू देत नाही. तिच्या या कठोरपणामागे कारण आहे. मद्याच्या धुंदीत मॅकने तिला मारहाण केलेली आहे; एकदा तर तिचा जीव घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. चित्रपट हे झाकून ठेवीत नाही, आणि डिक्सीला खलनायिकाही करीत नाही. ज्याचा आज उद्धार होत आहे त्याने काल कोणाचे किती नुकसान केले, याचा हिशेब पुसला जात नाही. तो डिक्सीच्या भीतीत आणि संतापात जिवंत राहतो.

मॅक एक नवे गीत रचतो आणि डिक्सीच्या व्यवस्थापकाकडे, हॅरीकडे, देतो. धंदा आता बदलला आहे, हे गीत चालणार नाही, असे हॅरी सांगतो. दुखावलेला मॅक बेभान होऊन गाडी हाकतो, व्हिस्कीची बाटली विकत घेतो. रात्री घरी परततो आणि ती ओतून दिल्याचे रोझा लीला सांगतो. एके दिवशी स्यू ॲन स्वतःच येते. पुढे गावातील काही तरुण वादकांच्या आग्रहाने तो पुन्हा गाऊ लागतो. तेही मोठ्या सभागृहात नाही, तर स्थानिक नृत्यगृहात. सर्व मार्गी लागत आहे असे वाटत असतानाच बातमी येते, की स्यू ॲन मोटारीच्या अपघातात मरण पावली. मॅक अंत्यविधीसाठी जातो, परत येतो, आणि मळ्यात काम करू लागतो.

३

या कथनपद्धतीचे मूळ हॉर्टन फूट यांच्या लेखनप्रवासात आहे. १९१६ साली टेक्सासमधील व्हार्टन या लहान गावी त्यांचा जन्म झाला. नट व्हायचे म्हणून ते घराबाहेर पडले आणि न्यूयॉर्कमध्ये नाटककार झाले. परंतु आयुष्यभर त्यांनी लिहिले ते मुख्यत्वे आपल्या गावाविषयीच. त्यांच्या नाटकांत ते ‘हॅरिसन’ या कल्पित नावाने येते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन दूरचित्रवाणीवर नाटके प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळीच प्रक्षेपित होत असत. लहान पडदा, मोजकी पात्रे आणि मर्यादित वेळ यांमुळे मोठ्या घटना दाखविण्यास तेथे वावच नव्हता. दोन माणसे स्वयंपाकघरात किंवा बस-थांब्यावर बोलत बसली आहेत, आणि त्या बोलण्याच्या आड एक सबंध आयुष्य उभे आहे, अशी रचना हे त्या नाट्यप्रकाराचे बळ होते. फूट यांचे १९५३ मधील ‘द ट्रिप टु बाउंटिफुल’ याच परंपरेतील. चित्रपटाकडे वळल्यावरही त्यांनी ही रीत सोडली नाही.

१९६२ च्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या चित्रपटाची पटकथा फूट यांनीच लिहिली, आणि तीसाठी त्यांना पहिले ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटात शेवटी क्षणभर प्रकट होणारा, एक शब्दही न उच्चारणारा बू रॅडली हे डुव्हाल यांचे चित्रपटातील पहिले काम होते. त्या भूमिकेसाठी त्यांचे नाव फूट यांनीच सुचविले होते. लेखक आणि नट यांचे नाते असे एका मुक्या पात्रापासून जुळलेले आहे. वीस वर्षांनी त्यांनी मॅक स्लेज उभा केला तेव्हा दोघांनाही एका गोष्टीची खात्री होती : बोलायचे टाळणारा माणूस प्रेक्षकाला कळू शकतो.

बेरेसफोर्ड हे ऑस्ट्रेलियन. ‘ब्रेकर मोरंट’ (१९८०) या चित्रपटाने त्यांचे नाव झाले होते, आणि ‘टेंडर मर्सीज’ हा त्यांनी अमेरिकेत केलेला पहिला चित्रपट. छायालेखक रसेल बॉइड हेही त्यांच्याच देशातील. परक्या माणसाच्या नजरेला टेक्सासमधील जे प्रथम जाणवावे ते त्यांच्या चित्रणात आले आहे : जमिनीचा अफाट सपाटपणा, वाऱ्याचा आवाज, आणि त्या पसाऱ्यात एखाद्या पेटीसारखे दिसणारे मोटेल. माणसे बहुतेक वेळा या विस्ताराच्या कडेला कुठेतरी उभी दिसतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांजवळ जाण्याची घाई करीत नाही. दुःखाच्या क्षणी चेहरा जवळून दाखविणे हा चित्रपटाचा रूढ संकेत. येथे नेमक्या त्याच क्षणी अंतर राखले जाते.

४

कथेच्या केंद्रस्थानी गायक असल्यामुळे संगीताचा विचार करणे प्राप्त आहे. कंट्री संगीत हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण, कष्टकरी, गोऱ्या समाजात वाढलेला गायनप्रकार होय. १९२७ साली ब्रिस्टल येथे झालेल्या ध्वनिमुद्रणांपासून त्याचा व्यावसायिक इतिहास सामान्यतः मोजला जातो. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचा आवाज तेथूनच देशभर पोहोचला. चाल साधी, भाषा रोजची, आणि विषय प्रेमभंग, घराची ओढ, दारू, पश्चात्ताप व प्रार्थना. शनिवारी रात्रीचे गुत्त्यातील गाणे आणि रविवारी सकाळचे चर्चमधील भजन यांच्या सुरावटी येथे एकमेकींच्या अगदी जवळ असतात. गायकाने जे गायचे ते स्वतः भोगलेले असावे, अशी या संगीताच्या श्रोत्यांची अपेक्षा असते. या अपेक्षेची किंमत काही गायकांनी आपल्या आयुष्याने मोजली. १ जानेवारी १९५३ रोजी, कार्यक्रमाला जात असताना मोटारीच्या मागच्या आसनावर मरण पावलेला हँक विल्यम्स हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तेव्हा तो अवघा २९ वर्षांचा होता, आणि मद्याने त्याला आधीच पोखरलेले होते. मॅक स्लेज हे पात्र कल्पित असले, तरी त्याच्या मागे अशी एक परंपरा उभी आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे डिक्सीच्या मैफलीचा प्रसंग अधिक अर्थपूर्ण होतो. मॅक श्रोत्यांत बसून स्वतःचीच गीते ऐकतो. ती गीते ज्या संसारातून आली तो संसार मोडला. गीते मात्र झगमगीत प्रकाशात चालू आहेत. त्याचे पूर्वायुष्य आता दुसऱ्याच्या मालकीचा माल झाले आहे. याच्या उलट, रोझा लीच्या चर्चमध्ये होते ते गायन अनघड आहे. तेथील गायकवृंदात ती स्वतः उभी असते, आणि तेथे कोणी कोणाला टाळ्या देत नाही.

डुव्हाल यांनी आपली गाणी स्वतः गायिली आहेत. तो आवाज सराईत गायकाचा नाही. त्यात खरखर आहे, श्वास अपुरा पडल्याची खूण आहे. परंतु मॅकचा आवाज आज असाच असणार. गाण्यांखेरीज या चित्रपटात भावना चेतविणारे पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. त्यामुळे जेव्हा कोणी गाते, तेव्हा ते गाणे त्या माणसाचे कृत्य म्हणून ऐकू येते.

याचे सर्वांत उत्कट उदाहरण म्हणजे स्यू ॲनच्या भेटीचा शेवट. आपण तान्ही असताना वडील कबुतराविषयीचे एक गाणे म्हणत असत, ते आठवते का, असे ती विचारते. आठवत नाही, असे तो सांगतो. ती निघून जाते. मग तो खिडकीशी उभा राहतो आणि तेच गाणे हळू आवाजात म्हणू लागतो. ‘विंग्ज ऑफ अ डव्ह’ हे बॉब फर्ग्युसन यांचे गीत फर्लिन हस्की यांच्या आवाजात १९६० साली अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते. नोहाच्या तारवाकडे आलेले आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी उतरलेले कबुतर, ही त्यातील मुख्य प्रतिमा. म्हणजे ईश्वराने पाठविलेल्या प्रेमाची खूण. मॅकने खोटे का सांगितले, याचे स्पष्टीकरण कोणी देत नाही. मुलीसमोर ते म्हणण्याचा आपला हक्क उरलेला नाही, असे त्याला वाटले असेल. किंवा गाऊ लागलो तर स्वतःला आवरता येणार नाही, अशी भीती असेल. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर वाच्यार्थ येथे ‘आठवत नाही’ एवढाच आहे. जे व्यंजित होते ते पित्याचे अठरा वर्षांचे मौन. मुलगी गेल्यानंतरच हे गाणे येते, आणि ती पुन्हा कधीच परत येत नाही. ही गोष्ट प्रेक्षकाला नंतर कळते, तेव्हा तो प्रसंग त्याच्या मनात दुसऱ्यांदा घडतो.

५

मराठी वाचकाला येथे ‘एकच प्याला’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या त्या नाटकात सुधाकर अपमानाच्या क्षणी पहिला पेला उचलतो. पुढे एकदा तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामधंदा शोधू लागतो, आणि पुन्हा अपमान पदरी पडल्यावर परत तिच्याकडे वळतो. त्याचा अधःपात ज्या सांध्यावर अटळ होतो, नेमका तोच सांधा ‘टेंडर मर्सीज’मध्येही आहे. सुधारू पाहणारा माणूस, जगाची अवहेलना आणि हाताशी आलेली बाटली. सुधाकर पितो आणि मॅक ओतून देतो. हा फरक कशामुळे?

गडकऱ्यांच्या नाटकात याची कारणे भरपूर आहेत, आणि ती ओजस्वी भाषेत मांडलेली आहेत. स्वभाव, संगत, मद्याची पकड यांची साखळी कडीकडीने दिसते. त्या काळाच्या रंगभूमीला आणि मद्यपानाविरुद्ध लोकमत जागविण्याच्या हेतूला ही रीत साजेशीच होती. सिंधूची पतिनिष्ठा कितीही उज्ज्वल असली तरी ती सुधाकराला वाचवू शकत नाही, ही त्या शोकांतिकेची धार आहे. ‘टेंडर मर्सीज’मध्ये मॅक सुधाकराहून अधिक बलवान आहे किंवा रोझा ली सिंधूहून अधिक पुण्यवान आहे, असे सुचविलेले नाही. बाटली ओतून देण्याचा क्षण पडद्यावर असता, तर त्याच्या चेहऱ्यावर आपण कारण शोधले असते : निर्धार, पत्नीची आठवण, ईश्वराचे भय. तो क्षण दाखविला न गेल्यामुळे कारणाची वाटच बंद होते. आपल्याजवळ उरते ते इतकेच, की तो गेला होता आणि परत आला.

याच विषयावरील २००९ चा ‘क्रेझी हार्ट’ हा चित्रपट तुलनेसाठी उपयुक्त आहे. त्यातही मद्यपी कंट्री गायक आहे. त्या भूमिकेसाठी जेफ ब्रिजेस यांना ऑस्कर मिळाले, आणि डुव्हाल हे त्याच्या निर्मात्यांपैकी एक असून एका लहान भूमिकेतही दिसतात. तो चित्रपट प्रामाणिक आहे. परंतु तेथे नायकाच्या हातून घडणारी चूक, तिचा धक्का, उपचार, आणि त्यातून मिळालेले नवे गीत अशी कार्यकारणाची रांग स्पष्ट आहे. प्रेक्षकाला ती समजते आणि पटते. ‘टेंडर मर्सीज’ पाहताना मात्र काहीतरी आपल्या आकलनाबाहेर राहिले आहे, अशी जाणीव शेवटपर्यंत टिकते.

६

या जाणिवेचे नाव चित्रपटाच्या शीर्षकात आहे; आणि ते मराठीत आणताना अनुवादकाची परीक्षा होते. ‘टेंडर’ म्हटल्यावर आज आपल्याला प्रथम सरकारी निविदा आठवते, ही झाली गमतीची गोष्ट. ‘टेंडर मर्सीज’ हा शब्दप्रयोग १६११ च्या इंग्रजी बायबलमधील आहे. स्तोत्रांमध्ये तो वारंवार येतो. त्याच्या मागे ‘रहमीम’ हा हिब्रू शब्द आहे, आणि त्याचा संबंध गर्भाशय या अर्थाच्या ‘रेहेम’ या शब्दाशी जोडला जातो. अरबीतील ‘रहम’ आणि ‘रहीम’ याच धातूचे. म्हणजे मूळ कल्पना न्यायाधीशाच्या क्षमेची नाही. आईच्या पोटातून येणाऱ्या मायेची आहे. संस्कृतातील ‘वात्सल्य’ शब्दामागे वासराला चाटणारी गाय आहे, हे ध्यानात घेता तो शब्द अर्थाने सर्वांत जवळचा ठरतो. पण तो पुत्रप्रेमात इतका रुजला आहे, की पतित माणसावरील कृपेसाठी वापरताना अडखळायला होते. ‘करुणा’ म्हणावे, तर रामदासांच्या ‘करुणाष्टकां’मुळे त्या शब्दाला भक्ताच्या आर्त विनवणीचाही सूर लागलेला आहे.

खरी अडचण मात्र वचनाची आहे. इंग्रजीत तो शब्द अनेकवचनी आहे. मराठीत दया, कृपा, करुणा यांचे अनेकवचन स्वाभाविकपणे होत नाही. आपण त्यांची कल्पना एका अखंड प्रवाहासारखी करतो. चित्रपटाचा सगळा भर या अनेकवचनावर आहे. रोझा ली एकदा मॅकला सांगते, की ईश्वराने आपल्यावर केलेल्या कृपांबद्दल ती रोज आभार मानते, आणि त्या यादीत मॅक व सनी सर्वांत वर असतात. यादी हा शब्द महत्त्वाचा. येथे एकच दिव्य क्षण येऊन माणूस पालटत नाही. खोली मिळते, काम मिळते, जेवणाच्या टेबलाशी जागा मिळते, एक मूल जवळ येऊन प्रश्न विचारते. असे एकेक दान पदरी पडत जाते. मॅक आणि सनी यांचा एकाच दिवशी बाप्तिस्मा होतो, तेव्हाही असेच. परतताना सनी विचारतो, काही वेगळे वाटते का? अजून तरी नाही, असे मॅक उत्तर देतो. धार्मिक विधीची येथे थट्टा नाही. ‘अजून’ या शब्दात वाट पाहण्याची तयारी आहे.

मॅकच्या आत्मभानातील बदलही असाच व्याकरणातून कळतो. गावातील एक बाई त्याला ओळखते आणि विचारते, की खरोखरच तुम्ही मॅक स्लेज होता का? ती ‘आहात का’ असे विचारीत नाही, आणि तोही भूतकाळातच उत्तर देतो : होय, बहुधा होतो. बोलण्यात खंत नाही, विनोदाची किंचित छटा आहे. हरवलेले नाव परत मिळविणे हा या उद्धाराचा हेतूच नाही, हे तेथे स्पष्ट होते.

७

मग मुलीचा मृत्यू होतो, आणि चित्रपटाचा मूळ प्रश्न उघड होतो. अंत्यविधीहून परतलेला मॅक मळ्यात कुदळ चालवीत असतो. ज्या ठिकाणी त्याने लग्नाविषयी विचारले होते, तशाच ठिकाणी. एरवी अल्पभाषी असलेला हा माणूस येथे प्रथमच सलग बोलतो. आपण दारूच्या नशेत भटकत इकडे आलो, तिने आपल्याला आसरा दिला, सावरले, आपल्याशी लग्न केले, ते का? तिचा पहिला पती युद्धात मेला, आपली मुलगी अपघातात मेली, ते का? सुखावर आपला विश्वास नाही, पूर्वी नव्हता आणि पुढेही बसणार नाही, असे तो म्हणतो.

या भाषणाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. दुःख का आले, हा प्रश्न माणूस नेहमीच विचारतो. बायबलमधील ईयोबाने तो विचारला आहे. मॅक मात्र सुरुवात करतो ती सुखापासून. आपल्यावर कृपा का झाली, हे त्याला कळत नाही. तिला आपण पात्र नव्हतो, हे तो जाणतो. मग जी कारणाशिवाय आली, तिच्या शेजारी कारणाशिवाय आलेला मृत्यू उभा राहतो, आणि दोहोंपैकी एकाचाही उलगडा होत नाही. भारतीय मनाजवळ येथे एक तयार उत्तर असते : प्रारब्ध, पूर्वसंचित, नशीब. अनुवादकाने हे शब्द या प्रसंगी कटाक्षाने टाळले पाहिजेत, कारण त्यांतील प्रत्येक शब्द एक हिशेब पूर्ण करतो. मॅकचा हिशेब जुळत नाही, हेच तर त्याचे बोलणे आहे. रोझा लीही उत्तर देत नाही. तिच्या स्वतःच्या पतीचा मृत्यू नेमका कसा झाला, हे तिलाही नीटसे कळलेले नाही. मुलाने विचारले तेव्हा तिने तसेच सांगितले होते. ती श्रद्धाळू आहे, पण तिच्या श्रद्धेने या प्रश्नांची उत्तरे मिळविलेली नाहीत. तरीही ती आभार मानते.

या ठिकाणी चित्रपटाच्या अनुक्ताचा अर्थ लागतो. लग्न, बाटली, अपघात हे प्रसंग दाखविले असते तर त्यांना कारणे आणि परिणाम चिकटले असते. लग्न हे सत्प्रवृत्तीचे पारितोषिक ठरले असते आणि मृत्यू ही जुन्या पापाची शिक्षा. ते वगळल्यामुळे दोन्ही घटना केवळ घडलेल्या गोष्टी राहतात. कृपा कमावता येत नाही, हे तत्त्व शब्दांत सांगणे सोपे आहे; पटकथेच्या रचनेतच ते मुरविणे कठीण, आणि फूट यांनी ते साधले आहे.

या रीतीला काही मोल द्यावे लागले आहे, हेही नमूद केले पाहिजे. रोझा लीच्या मनातील संघर्ष आपल्याला फारसा दिसत नाही. नवऱ्याचे पूर्वीचे क्रौर्य ऐकून तिला कधी भीती वाटली असेल काय, हा प्रश्न तसाच राहतो. टेस हार्पर यांच्या शांत, सावध मुद्रेने ती उणीव बरीच भरून काढली आहे, पण पूर्णपणे नाही. डिक्सीच्या वाट्याला मुख्यतः आक्रोश आला आहे. स्यू ॲनचे पात्र तर वडिलांच्या कथेपुरतेच जगते आणि मरते. मौनाची कला सर्व पात्रांना सारखा न्याय देत नाही. ज्याच्याभोवती ते मौन विणलेले असते त्याला ती अधिक देते.

तरीही शेवटचा प्रसंग या सर्वांनंतर मनात राहतो. मॅकने सनीसाठी एक अमेरिकन फुटबॉल आणून ठेवलेला असतो. मॅक समोरच्या शेतात एकटा आहे, आणि खिडकीशी म्हटलेले तेच गाणे पुन्हा गुणगुणतो आहे. ज्या मुलीला ते म्हणून दाखविता आले नाही, ती आता नाही. सनी चेंडू घेऊन धावत येतो आणि दोघे तो एकमेकांकडे फेकू लागतात. रोझा ली घरातून पाहत असते. महामार्गावरून वाहने जात राहतात. प्रश्नाचे उत्तर कोणालाही मिळालेले नाही. चेंडू मात्र एका हातातून सुटून दुसऱ्या हातात नीट पोहोचतो.